हजारांत एक

आमच्या आमदाराच्या मताची किंमत वीस.
उत्तर प्रदेशातल्या आमदाराच्या मताची दोनशे आठ.
हे मला इनासनं सांगितलं
चोडणच्या धक्क्यावर, फेरीची वाट बघताना,
मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून.
"वीस कितें? रुपया?" मासळीवालीनं विचारलं
आणि पाटली डोक्यावरून उतरवली.

राष्ट्रपतिपदाची मतमोजणी काल संपली.
मी मत दिलं नव्हतं, मला देता येत नाही.
मी दिलं होतं आमदाराला;
आमदारानं पर्वरीत जाऊन जांभळ्या शाईच्या पेनानं
कुणाच्या तरी नावापुढं एक लिहिला.
कुणाच्या, ते गुप्त.
निवडून आला एका निशाणीवर, बसतो दुसऱ्या बाकावर,
त्याच्या मनातला एक कुठला, कुणी सांगावं.
मग पेटी विमानानं दिल्लीला गेली.
तिला वेगळं तिकीट, वेगळी खुर्ची.
नदी परिवहन खात्यात माझी तीस वर्षं गेली,
विमानात अजून बसलेलो नाही.
त्या खुर्चीत थोडासा मीही होतो म्हणायचा.

इनास हिशेब सांगत राहिला:
हजार माणसांमागं एक,
आणि माणसं आजची नव्हेत,
एकाहत्तरच्या शिरगणतीतली.

एकाहत्तरात मी बारा वर्षांचा.
म्हणजे त्या मोजणीत बाबा आहे अजून.
इनासचा बाप कायतान आहे.
तळ्याकाठची शेवंता आहे, जी त्याच वर्षी चवथीला तापानं गेली.
मतदार यादीतून कधीच पुसलेली ही माणसं
काल दिल्लीत मोजली गेली.
इनासची नात नाही मोजली.

बाबा आणि कायतान.
सदुसष्टच्या कौलात बाबाचं फूल, कायतानची दोन पानं.
बाबाला महाराष्ट्रात जायचं होतं, कायतानला नव्हतं.
पानं जिंकली. कायताननं फटाके लावले,
एक आमच्या तुळशीपाशी फुटला.
बोलणं बंद, उसनं मीठ बंद.
त्यांची कोंबडी अंगणात आली
तर बाबा तिलाही पानवाली म्हणून हाकलायचा.

त्याच साली खाजनाचा बांध फुटला.
मध्यरात्री, खारं पाणी सगळ्यांच्याच भातात.
मी कंदील धरून उभा.
कायतान चिखलाचं ढेकूळ उचलायचा, बाबाच्या हातात द्यायचा,
बाबा ते भगदाडात दाबायचा
आणि न बघता हात मागं करायचा.
पुढचं ढेकूळ हातात आलेलं असायचं.
पहाटेपर्यंत असं.
एक शब्द नाही.
बोलायला पुढं दोन वर्षं लागली,
तेही एका म्हशीवरून भांडताना.

शिरगणतीला मास्तर आले. मातृभाषा?
"बरय, मराठी," बाबा म्हणाला.
कोकणीत म्हणाला.
मास्तर हसले की नाही आठवत नाही.
सांगितलं तसं लिहिलं आणि शेजारी गेले,
वही तीच, ओळ खालची.

त्या मतपत्रिकेवर म्हणे
एक लिहिल्यावर दोनही लिहिता येतो.
कायतान बाबाची दुसरी पसंती असावा.
पहिली कधीच नव्हता,
आणि हे दोघांनी कधी लपवलं नाही.
काल टीव्हीवर कुणी तरी एकतेवर बोलत होतं.
चांगलंच बोलत होतं.
त्यात चिखल नव्हता, एवढंच.

मी मनातल्या मनात ज्याला मत दिलं, ते नाव हरलं.
इनासचं जिंकलं.
त्यानं फटाके लावले नाहीत; भजी घेतली, दोन कागदांत.
"तुजें मत खंय पावलें?" त्यानं विचारलं.
मला काही सुचलं नाही. भजी गरम होती.
बाबा कुणाची तारीफ करायचा
तर म्हणायचा, हजारांत एक.
हा हिशेब त्याला कुठला ठाऊक.

फेरी लागली. आधी मोटारसायकली, मग माणसं.
जुन्या सवयीनं मी मोजत गेलो
आणि तोंडातून निघून गेलं, त्रेचाळीस.

मासळीवालीनं मान वळवली, डोळ्यांनी एक फेर मारला.
"एकेचाळीसच आसात," म्हणाली,
आणि पाटली उचलायला हात मागितला.